क्लस्टरचा डीएनएस बदलताना पत्ता तोच ठेवा

चालू क्लस्टरमधल्या कुठल्याही पॉडमध्ये शिरा आणि रिझॉल्व्ह-कॉन्फ ही फाइल उघडून बघा. आत जेमतेम तीन ओळी असतात. एकीत नेमसर्व्हरचा पत्ता असतो. क्यूबॲडमने उभारलेल्या क्लस्टरमध्ये तो बहुतेक वेळा १०.९६.०.१० असतो. दुसरीत शोधाची यादी असते: आधी पॉडची स्वतःची नेमस्पेस, मग एसव्हीसी.क्लस्टर.लोकल, मग नुसतं क्लस्टर.लोकल. तिसरीत ‘एनडॉट्स:५’ असा एक पर्याय असतो. पॉड सुरू होताना क्यूबलेट ही फाइल तयार करून देतो आणि पॉड जाईपर्यंत ती तशीच राहते.

कुबरनेटिस क्लस्टरमधला जुना क्यूब-डीएनएस काढून तिथे कोअरडीएनएस बसवायचं काम तुमच्याकडे आलं असेल, तर सगळी आखणी नेमसर्व्हरच्या त्या ओळीपासून सुरू करा. सर्व्हर बदलता येतो, त्याचं कॉन्फिगरेशन नव्याने लिहिता येतं, पण हा पत्ता प्रत्येक चालू पॉडमध्ये आधीच लिहून झालेला आहे. प्रत्येक नोडवरच्या क्यूबलेटच्या कॉन्फिगरेशनमध्येही तोच आहे. आणि सर्व्हिसला एकदा मिळालेला क्लस्टर-आयपी नंतर संपादित करता येत नाही.

आता समजा, कुणी उत्साहाने ‘क्यूब-डीएनएस’ नावाची सर्व्हिस काढून टाकली आणि ‘कोअरडीएनएस’ नावाची नवी केली. पत्ता स्पष्ट दिला नसेल तर एपीआय सर्व्हर तिला हाताशी असलेला दुसराच मोकळा पत्ता देतो. जुने पॉड जिथे कुणीच ऐकत नाही अशा ठिकाणी प्रश्न पाठवत राहतात. नवे पॉडही वाचत नाहीत, कारण क्यूबलेट त्यांच्या हातात जुनाच पत्ता देतो. ॲप्लिकेशन धडधाकट, डेटाबेस धडधाकट, नेटवर्कही ठीक, आणि तरी कुणालाच कुणी सापडत नाही.

म्हणून क्यूब-डीएनएस नावाच्या सर्व्हिसला हात लावायचा नाही. तिच्यामागचे पॉड तेवढे बदलायचे. कोअरडीएनएसवर वर्षानुवर्षं चालणाऱ्या क्लस्टरमध्येसुद्धा सर्व्हिसचं नाव क्यूब-डीएनएसच दिसतं आणि पॉडांवरचं ‘के८एस-ॲप’ हे लेबलही क्यूब-डीएनएसच असतं, ते याच कारणासाठी मुद्दाम राखलेलं आहे. कामाला लागण्याआधी त्या सर्व्हिसवर एक अॅनोटेशन लावून हे कारण लिहून ठेवा. पुढे कधीतरी साफसफाई करणाऱ्याला ते नाव जुन्या व्यवस्थेचा उरलेला कचरा वाटू शकतं.

बदल मुळात हवा आहे का, हा प्रश्न मात्र त्याहून आधीचा. थोडा इतिहास उपयोगी पडेल. कुबरनेटिसच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत हे काम स्कायडीएनएस करत असे. १.३ पासून क्यूब-डीएनएस आला. त्याच्या एका पॉडमध्ये तीन कंटेनर असतात: एक एपीआय सर्व्हरवर नजर ठेवून नावांची नोंद ठेवणारा, दुसरा डीएनएसमास्क, म्हणजे कॅशे सांभाळून उत्तरं देणारा, आणि तिसरा तब्येत तपासणारा व आकडे पुरवणारा साइडकार. मीक गीबेन यांनी २०१६ मध्ये कोअरडीएनएस सुरू केला, तो कॅडी या वेब सर्व्हरच्या पायावर, गो भाषेत. एकच प्रोसेस आणि बाकी सगळं प्लगइनमध्ये. जून २०१८ मधल्या कुबरनेटिस १.११ पासून तो स्थिर म्हणून स्वीकारला गेला, डिसेंबर २०१८ मधल्या १.१३ पासून शिफारस केलेला डीएनएस ठरला, आणि जानेवारी २०१९ मध्ये क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनने त्याला ‘ग्रॅज्युएटेड’ प्रकल्पाचा दर्जा दिला. क्यूबॲडमने १.२१ मध्ये क्यूब-डीएनएसचा आधार काढूनच टाकला.

तेव्हा आज क्यूब-डीएनएस उरला आहे तो मुख्यतः हाताने उभारलेल्या, स्वतःच्या डेटा सेंटरमधल्या जुन्या क्लस्टरांत. गूगलच्या व्यवस्थापित सेवेतही तो दिसतो, पण तिथे तो कंपनीने पुरवलेला आणि राखलेला असतो. तशा ठिकाणी ही पद्धत वापरू नका, सेवा देणाऱ्याने सांगितलेल्या वाटेनेच जा.

बदलायला ठोस कारणं आहेत. ऑक्टोबर २०१७ मध्ये गूगलच्या सुरक्षा पथकाने डीएनएसमास्कमधल्या सात त्रुटी जाहीर केल्या. सी भाषेतलं, एकाच थ्रेडवर चालणारं हे सॉफ्टवेअर क्लस्टरमधल्या प्रत्येक नावाच्या वाटेवर बसलेलं असतं, ही गोष्ट तेव्हा अनेकांना पहिल्यांदा टोचली. क्यूब-डीएनएसमध्ये एक्स्टर्नलनेम प्रकारच्या सर्व्हिसला स्टब-डोमेनच्या सेटिंगचा उपयोग होत नसे, तो रूट नसलेल्या वापरकर्त्याने चालवता येत नसे, आणि स्वतःच्या जादा नोंदी घालायची सोयही नव्हती. यातलं काही तुम्हाला अडत असेल तर बदल जरूर करा.

पण ‘नाव सापडायला कधीकधी बरोबर पाच सेकंद लागतात’ ही तुमची तक्रार असेल तर थांबा. ते दुखणं बहुतेक वेळा डीएनएस सर्व्हरचं नसतं. ग्लिबसी एकाच सॉकेटवरून ए आणि चौपट-ए हे दोन प्रश्न एकदम पाठवते. लिनक्सच्या कॉनट्रॅकमध्ये त्या दोन यूडीपी पॅकेटांची शर्यत लागते, एक पॅकेट गळून पडतं, आणि रिझॉल्व्हर पाच सेकंदांची ठरलेली मुदत संपेपर्यंत वाट बघतो. सर्व्हर कुठलाही बसवा, पॅकेट त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्यावर उपाय म्हणजे नोडलोकल डीएनएस-कॅशे. तो प्रत्येक नोडवर १६९.२५४.२०.१० या स्थानिक पत्त्यावर बसतो आणि पॉडचा प्रश्न कॉनट्रॅकला वळसा घालून घेतो. पाच सेकंदांसाठी डीएनएस बदललात तर सगळा खटाटोप होईल आणि तक्रार तशीच राहील.

बदल ठरला की पहिलं काम नोंदी घेण्याचं. ते कंटाळवाणं आहे, पण पुढची बहुतेक संकटं इथेच टळतात. सर्व्हिसचा क्लस्टर-आयपी आणि तिचे पोर्ट लिहून घ्या, यूडीपी व टीसीपी दोन्ही. क्लस्टर-डोमेन खरोखर क्लस्टर.लोकलच आहे का ते बघा. काही संस्थांनी ते सुरुवातीलाच बदललेलं असतं आणि ज्याने बदललं तो केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. क्यूब-डीएनएस नावाचा कॉन्फिगमॅप उघडा. त्यात स्टब-डोमेन्स आणि अपस्ट्रीम-नेमसर्व्हर्स या दोन नोंदी भरलेल्या असतील तर त्या तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाच्या. ५३ पोर्टवर बाहेर जायला परवानगी देणाऱ्या नेटवर्क पॉलिसी कुठल्या लेबलावर बेतल्या आहेत ते तपासा. क्यूब-डीएनएसच्या रेप्लिका वरखाली करणारा ऑटोस्केलर आहे का? आणि ही सगळी मांडणी नक्की कोण राखतं? ॲडऑन मॅनेजर ‘रिकन्साइल’ पद्धतीने राखत असेल तर तुम्ही डिलीट केलेली गोष्ट तो थोड्या वेळात पुन्हा उभी करतो. त्याच्या फोल्डरमधली फाइल काढल्याशिवाय डिलीट करण्याला अर्थ नाही.

मग कोअरफाइल, म्हणजे कोअरडीएनएसची कॉन्फिगरेशन फाइल. मूळ ब्लॉक बहुतेक सगळीकडे सारखाच असतो: एरर्स, हेल्थ, रेडी, कुबरनेटिस, प्रोमिथियस, फॉरवर्ड, कॅशे, लूप, रीलोड, लोडबॅलन्स. यातल्या ओळींचा क्रम बदलल्याने काही बिघडत नाही. प्लगइन कुठल्या क्रमाने चालायचे ते कोअरडीएनएस बांधतानाच ठरलेलं असतं. जुन्या लेखांतून कोअरफाइल उचलू नका. त्यांत ‘प्रॉक्सी’ नावाचं प्लगइन असतं, ते कोअरडीएनएसच्या १.५.० मध्ये काढलं गेलं. त्याच्या जागी आता ‘फॉरवर्ड’ आहे, आणि प्रॉक्सीची ओळ राहिली तर सर्व्हर सुरूच होणार नाही.

अपस्ट्रीम-नेमसर्व्हर्सचं भाषांतर सोपं आहे: फॉरवर्डच्या ओळीत रिझॉल्व्ह-कॉन्फऐवजी ते पत्ते लिहायचे. स्टब-डोमेनला मात्र स्वतःचा वेगळा ब्लॉक लागतो. कंपनीच्या अंतर्गत डोमेनचं नाव वर, आणि आत त्या डोमेनच्या डीएनएस सर्व्हरकडे जाणारी फॉरवर्डची ओळ. इथे हमखास विसरली जाणारी गोष्ट अशी की हा ब्लॉक मुख्य ब्लॉककडून काहीही वारशाने घेत नाही. एरर्स आणि कॅशे या ओळी इथे पुन्हा लिहाव्या लागतात. नाही लिहिल्या तर कंपनीच्या डोमेनचा प्रत्येक प्रश्न थेट तिकडच्या सर्व्हरवर जाऊन आदळतो आणि चुकलेलं लॉगमध्येही दिसत नाही.

लूप प्लगइनबद्दल थोडं सविस्तर, कारण कोअरडीएनएस पहिल्यांदा बसवणाऱ्यांना हटकून भेटणारी अडचण तीच आहे. उबुंटूसारख्या प्रणालींवर नोडच्या रिझॉल्व्ह-कॉन्फमध्ये सिस्टमडी-रिझॉल्व्ह्डचा १२७.०.०.५३ हा पत्ता असतो. कोअरडीएनएसचा पॉड नोडचीच फाइल घेतो. पण पॉडच्या आत १२७ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे तो पॉड स्वतः. बाहेरच्या नावाचा प्रश्न तो ‘वर’ पाठवतो आणि तो प्रश्न फिरून त्याच्याच दारात येतो. लूप प्लगइन हे चक्र ओळखून प्रोसेस थांबवतं, पॉड पुन्हा सुरू होतो, पुन्हा थांबतो, आणि तुम्हाला क्रॅशलूप दिसतो. यावर लूपची ओळ काढून टाकायचा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका. पॉड उभा दिसेल, पण बाहेरच्या नावाचा प्रश्न आला की स्वतःशीच बोलत बसून मेमरी खाईल. खरा इलाज क्यूबलेटच्या रिझॉल्व्ह-कॉन्फच्या सेटिंगमध्ये आहे. तिथे रन फोल्डरमधल्या सिस्टमडीच्या मूळ फाइलचा मार्ग द्या, म्हणजे पॉडला खरे नेमसर्व्हर मिळतील.

आता खरी मेहनत करायची जागा: उत्तरांची तुलना. नवा सर्व्हर सर्व्हिसच्या मागे लावण्याआधी तो वेगळं लेबल देऊन, बाजूला, कुणाच्या वाटेत न येता उभा करा. मग एका चाचणी पॉडमधून डिग वापरून तेच प्रश्न जुन्या पॉडच्या आयपीला आणि नव्या पॉडच्या आयपीला विचारा आणि उत्तरं शेजारी शेजारी ठेवा. कुबरनेटिस.डिफॉल्ट हे एकच नाव विचारून समाधान मानलं जातं, ते पुरेसं नाही. साध्या सर्व्हिसचं नाव विचारा. हेडलेस सर्व्हिस विचारा, तिथे सगळ्या पॉडांचे पत्ते यायला हवेत. स्टेटफुलसेटमधल्या एखाद्या पॉडचं पूर्ण नाव, नाव दिलेल्या पोर्टची एसआरव्ही नोंद, एक्स्टर्नलनेम, आयपीवरून नावाकडे जाणारा उलटा प्रश्न, कंपनीचं अंतर्गत नाव, बाहेरच्या जगातलं नाव, हे सगळं यादीत हवं.

आणि अस्तित्वातच नसलेलं एक नाव जरूर विचारा. कारण बघा. ‘दुकान’ या नेमस्पेसमधला एक पॉड एपीआय.एक्झाम्पल.कॉम हे नाव शोधतो आहे. नावात टिंबं दोन, एनडॉट्सची अट पाचाची. म्हणून रिझॉल्व्हर हे नाव अपुरं समजतो आणि आधी त्याला दुकान.एसव्हीसी.क्लस्टर.लोकल जोडून विचारतो. नाही मिळालं की एसव्हीसी.क्लस्टर.लोकल जोडून, मग क्लस्टर.लोकल जोडून, आणि शेवटी जसं आहे तसं. प्रत्येक वेळी ए आणि चौपट-ए असे दोन प्रश्न. एका बाहेरच्या नावासाठी आठ प्रश्न, त्यांतल्या सहांचं उत्तर ‘असं नाव नाही’. म्हणजे क्लस्टरच्या डीएनएसचा बराचसा दिवस नाही म्हणण्यातच जातो. नव्या सर्व्हरने इथे ‘नाव नाही’ ऐवजी ‘सर्व्हर चुकला’ असं उत्तर दिलं तर शोध पुढच्या पायरीवर नीट जाईल याचा भरवसा नाही. बाहेरच्या एखाद्या नावाची फार ये-जा असेल तर ॲप्लिकेशनच्या सेटिंगमध्ये त्या नावाच्या शेवटी एक टिंब द्या. आठाचे दोन होतात.

बदलाची वेळ निवडताना ग्राहकाचं घड्याळ बघा. पुण्यात बसून अमेरिकेतल्या ग्राहकाचा क्लस्टर राखणाऱ्यांची इथे सोय होते: तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ, आणि हे काम ताज्या डोक्याने करण्यासारखंच आहे. महिनाअखेरीचे हिशेब किंवा मोठं रिलीज जवळ असेल तर पुढे ढकला.

प्रत्यक्ष बदल मग फार नाट्यमय नसतो. आधी ऑटोस्केलर थांबवा, नाहीतर तुम्ही क्यूब-डीएनएस कमी कराल आणि तो पुन्हा वाढवेल. कोअरडीएनएस आता खऱ्या लेबलासह उभा करा, किमान दोन रेप्लिका, वेगवेगळ्या नोडवर. लेबल एकच असल्यामुळे सर्व्हिसच्या एंडपॉइंटच्या यादीत जुने आणि नवे दोन्ही पॉड दिसू लागतात आणि प्रश्न दोघांत वाटले जातात. नवे पत्ते यादीत आले हे डोळ्यांनी बघा. मग क्यूब-डीएनएसच्या रेप्लिका एकेक करत शून्यावर आणा. डिलीट करू नका, शून्यावर ठेवा.

दोन्ही एकत्र चालण्याचा काळ लांबवायचा मोह होतो, ‘आठवडाभर बघू’ असं वाटतं. मला ते धोक्याचं वाटतं. नव्या सर्व्हरमध्ये काही खोट असेल तर या काळात काही प्रश्न फसतात आणि काही नाही. ॲप्लिकेशनवाल्यांना अधूनमधून चुका दिसतात, पुन्हा करून पाहिलं तर सगळं ठीक, आणि संशय डीएनएसवर जायला फार उशीर लागतो. हा काळ तुम्ही स्वतः स्क्रीनसमोर बसलेले असाल तेवढाच ठेवा. त्या वेळात वेगवेगळ्या नोडवरून चाचणीची यादी पुन्हा फिरवा. फायरवॉल किंवा नेटवर्कची अडचण एखाद्याच नोडवर असू शकते.

परतीची वाट उलट क्रमाने: क्यूब-डीएनएसच्या रेप्लिका पूर्वीइतक्या करा, त्यांचे पत्ते एंडपॉइंटमध्ये आले हे पाहा, आणि मगच कोअरडीएनएस शून्यावर न्या. जुना कॉन्फिगमॅप तोवर जपा. हे सगळं चाचणी क्लस्टरवर एकदा करून बघितलेलं असावं, कागदावर लिहिलेलं पुरत नाही.

बदलानंतर डॅशबोर्ड गप्प होतात, हेही आधीच धरून चाला. क्यूब-डीएनएसचे आकडे १०,०५४ आणि १०,०५५ या पोर्टवर मिळत, कोअरडीएनएसचे ९१५३ वर मिळतात, आणि नावंही वेगळी. आलेख रिकामा दिसला तर निदान कळतं. पण चुकांचं प्रमाण वाढलं की वाजायला हवी ती घंटा, आकडेच येत नाहीत म्हणून शांत बसते, आणि आपण सगळं छान आहे असं समजतो. नवे आलेख आणि नव्या घंटा बदलाच्या आधी तयार हव्यात. ‘सर्व्हर चुकला’ या उत्तरांचं प्रमाण आणि उत्तराला लागणारा वेळ, या दोन गोष्टींवर नजर ठेवा. ‘नाव नाही’ची संख्या मोठी दिसेल, तिला घाबरू नका. ती का मोठी असते ते वर आलंच आहे.

मेमरीसाठी कोअरडीएनएसच्या प्रकल्पानेच एक ढोबळ हिशेब दिला आहे: पॉड आणि सर्व्हिस यांची बेरीज भागिले १०००, अधिक ५४, इतके मेगाबाइट. १०,००० ची बेरीज असेल तर साधारण ६४. ऑटोपाथ प्लगइन लावलंत तर हा हिशेब बदलतो, कारण मग त्याला प्रत्येक पॉडवर नजर ठेवावी लागते. ऑटोस्केलर पुन्हा सुरू करताना त्याचं लक्ष्य कोअरडीएनएसच्या डिप्लॉयमेंटकडे वळवायला विसरू नका.

पुढचे दोन सापळे बदल पार पडल्यावर, काही दिवसांनी किंवा महिन्यांनी उघडतात. रीलोड प्लगइन कोअरफाइल बदलली की आपोआप नवी उचलतं. मात्र नव्या फाइलमध्ये एखादा महिरपी कंस सुटला असेल तर कोअरडीएनएस लॉगमध्ये चूक नोंदवतो आणि जुन्याच कॉन्फिगरेशनवर चालत राहतो. बाहेरून सगळं सुरळीत. मग कधीतरी नोडची देखभाल निघते, पॉड दुसरीकडे हलतो, नव्याने सुरू होताना तीच बिघडलेली फाइल वाचतो आणि उठतच नाही. त्या दिवशी कुणीच डीएनएसला हात लावलेला नसतो, त्यामुळे शोध भलतीकडेच सुरू होतो. कोअरफाइल बदललीत की मिनिटा-दोन मिनिटांनी लॉगमध्ये रीलोड यशस्वी झाल्याची ओळ शोधा. रीलोड फसल्याची गणती करणारा आकडाही कोअरडीएनएस पुरवतो, त्यावर घंटा बांधून ठेवा.

दुसरा सापळा परवानग्यांचा. १.८ च्या मालिकेपासून कोअरडीएनएस एंडपॉइंटऐवजी एंडपॉइंटस्लाइस वाचतो. फक्त इमेजची आवृत्ती वाढवली आणि क्लस्टररोल जुनाच राहिला तर एपीआय सर्व्हर त्याला स्लाइस दाखवत नाही. लॉगमध्ये परवानगी नाकारल्याच्या ओळी येत राहतात आणि नवे पॉड ‘रेडी’ होत नाहीत. आवृत्ती वाढवण्याआधी क्लस्टररोल उघडा. सर्व्हिस, पॉड आणि नेमस्पेस यांच्या जोडीला डिस्कव्हरी गटातल्या एंडपॉइंटस्लाइसवर ‘लिस्ट’ आणि ‘वॉच’ या दोन्ही परवानग्या दिसल्या पाहिजेत. नसतील तर आधी त्या द्या, आणि मगच इमेज बदला.